चंद्रीच्या कातड्याचे जोडे

पडा बघू नीट. पाय आत घ्या. पाणी आत्ताच प्यालात, मधे पुन्हा मागायचं नाही. आता ऐका.

एक होता राजा, आणि त्याला हवे होते जोडे. राजाचं नाव जैतोजी. माणूस वाईट नव्हता, पण त्याला थांबायची सवय नव्हती. भूक लागायच्या आत ताट यायचं. ऊन लागायच्या आत छत्री यायची. मग थांबायचं शिकणार कुठून?

त्या राज्यात एक चाल होती. दसऱ्याला शिलंगणासाठी राजानं पायी निघायचं. पालखी नाही, घोडा नाही. आणि शीव ओलांडायची ती कोऱ्या जोड्यानं. राजानं शीव ओलांडली की सगळे आपट्याचं सोनं लुटायचे, आणि वर्ष नीट जायचं. ओलांडली नाही तर काय होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तसं कधी झालंच नव्हतं.

गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, हौसा राहायची. हौसा आणि तिचा बाप कोंडिबा. दोघं कातडी कमवायचे आणि त्यांचे जोडे, विहिरीच्या मोटा, पाणी वाहायच्या पखाली शिवायचे. काठावर त्यांची पाच कुंडं होती, खडकात खोदलेली. कोंडिबाच्या आज्यानं छिन्नी-हातोडा घेऊन खोदली होती. एका कुंडात चुना, बाकीच्यांत बाभळीची साल आणि हिरडा. वास यायचा, बरं का. खोटं कशाला सांगू? नाक मुरडलंस ना? मुरड. तुझ्या पायातली वहाण त्याच वासातनं आलीय.

कोंडिबाचे डोळे गेले होते. पण हात चालत होते, आणि जीभ तर फारच चालत होती.

आता कातडं कमावणं म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जनावर मरतं, पण कातड्याला ते ठाऊक नसतं. ते आपलं अजून म्हैसच असतं. मग ते ओढ्यात धुवायचं. मग चुन्यात घालायचं, म्हणजे केस सुटतात. मग खरवडून साफ करायचं. मग त्याची पिशवी शिवायची, बाभळीला टांगायची, आणि आत सालीचं पाणी भरायचं. ते पाणी कातड्यातनं झिरपतं आणि थेंब थेंब खाली पडतं. खालचं गोळा करायचं, पुन्हा वर ओतायचं. असं सगळं मिळून चाळीस दिवस. तेवढ्यात कातडं हळूहळू विसरतं. चारा विसरतं, गोठा विसरतं, शेपटीवरची माशी विसरतं. मग उरतं ते नुसतं चामडं. त्याचं काय हवं ते करा.

आणि झालंय की नाही ते कसं ओळखायचं? कडेला रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या सुरीनं, एक चीर द्यायची आणि आत बघायचं. सगळं तांबूस दिसलं तर झालं. मधोमध पांढरी रेघ दिसली तर कच्चं. त्या पांढऱ्या रेघेत म्हैस असते. एवढं ध्यानात ठेवा.

तर काय झालं, दसऱ्याला वीस दिवस उरले आणि प्रधानाला जोड्यांची आठवण झाली. तोवर मेला झोपला होता. मग आला धावत ओढ्यावर. कुंडांपासून लांब उभा राहिला आणि उपरण्यानं नाक दाबून बोलायला लागला.

"हौसा, राजेसाहेबांचे जोडे. दसऱ्याला."

हौसा म्हणाली, "कंच्या दसऱ्याला?"

"याच. येत्या."

"प्रधानजी, कातडं अजून चुन्यातनं बी निघालं न्हाई. आजच घातलंय. चाळीस दिवस लागत्यात."

"वीस आहेत."

"मग जोडं दिवाळीनंतर हुतील."

प्रधानानं नाकावरचं उपरणं जरा सोडलं. म्हणाला, "दसऱ्याला सकाळी जोडे आले नाहीत तर दुपारी माती येईल. पाचही कुंडं भरून टाकीन आणि वर रोपं लावीन. तसाही वारा फिरला की राणीसाहेबांच्या महालात वास जातो. मला निमित्तच हवंय."

आणि गेला निघून.

कुंडं गेली म्हणजे काय गेलं, सांगा बघू? घर गेलं असतं तर दुसरं बांधलं असतं. पण खडकातली कुंडं खोदायला एक अख्खा आज्जा लागला होता. तो आता आणायचा कुठनं? कुंडं गेली की हौसा नुसती हौसा, कोंडिबा नुसता आंधळा म्हातारा.

मग हौसा कामाला लागली.

चुन्यात जे कातडं होतं ते कुणाचं होतं? ते होतं चंद्रीचं. चंद्री म्हणजे राणू गवळ्याची म्हैस. अख्खं गाव तिला ओळखायचं. सकाळी सुटली की ती पाटलाच्या जोंधळ्याच्या हिरव्या कडवळात घुसायची. दुपारी तळ्यात जाऊन बसायची. आणि संध्याकाळी कुणी न हाकता आपल्या खुंट्याशी येऊन उभी राहायची. तीन गोष्टी, तीन वेळा, रोज. मधे कुणी आडवं आलं तर त्याला घेऊन जायची. पिकलं पान होऊन मेली. राणू दोन दिवस जेवला नाही. मग तिचं कातडं हौसाकडं आलं.

हौसानं दहा दिवसांचा चुना पाच दिवसांत उरकला. खरवडलं, धुतलं, पिशवी शिवली, बाभळीला टांगली. दिवसभर पाणी ओतत राहिली. साल नेहमीच्या दुप्पट घातली. पण सालीला काय घाई कळते? ती आपल्या चालीनं आत जाते.

सतरावा दिवस आला. हौसानं कातडं उतरवलं, कडेला चीर दिली, आत बघितलं.

मधोमध पांढरी रेघ. तांदळाच्या दाण्याएवढी जाड.

ती बघत बसली. कोंडिबा खाटेवर होता. त्यानं रापीचा आवाज ऐकला होता.

"हौसे, चीर दिलीस न्हवं? आण हिकडं. जीभ लावतो."

कोंडिबाची तीच रीत होती. डोळे गेल्यापासून तो चिरेला जीभ लावून सांगायचा. कमावलेलं आतपर्यंत तुरट लागतं. कच्चं मधे गुळचट लागतं.

हौसा म्हणाली, "मी बघितलं आबा. झालंय."

"एवढ्यात?"

"अवंदा ऊन कडक हाय."

 कोंडिबानं कूस बदलली आणि म्हणाला, "बरं."

हौसानं जोडे कापले. कडांना काळं फासलं, म्हणजे रेघ दिसायला नको. आरीनं भोकं पाडली, चामड्याची वादी ओवली, टाके घातले. चोचदार जोडे झाले. वरनं बघाल तर असे सुरेख, की राजानं काय, देवानं घालावेत. आत मात्र चंद्री होती.

मग दसऱ्याची सकाळ झाली. हौसा जोडे घेऊन राजवाड्याच्या दाराशी गेली. तिला आत घेतलं नाही. राजाच बाहेर आला, चौरंगावर बसला, पाय पुढं केले. हौसानं जोडे चढवले. राजा उठून उभा राहिला.

"वा," राजा म्हणाला, "लोणी आहे लोणी."

आणि चालायला लागला.

प्रधान म्हणाला, "महाराज, शिलंगण संध्याकाळी आहे."

"माहीत आहे," राजा चालता चालता म्हणाला. "जरा पाय मोकळे करतो."

पाय मोकळे करत राजा गेला सरळ पाटलाच्या कडवळात. आत घुसला आणि मधोमध उभा राहिला. छत्रीवाला मागनं धावला. राजा हलेना. पाटील आला. राजाला बघितलं, हात जोडले आणि लांब उभा राहिला. दुसरा कुणी असता तर पाटलानं काठी काढली असती.

"महाराज, काही चुकलं का माझं?"

"छे," राजा म्हणाला, "पीक छान आहे. बघतोय."

तो खोटं बोलत होता, बरं का. त्याला हलताच येत नव्हतं. पण राजा कसं सांगणार की पाय ऐकत नाहीत? लोक म्हणतील, याचे पायच ऐकत नाहीत, मग आपण का ऐकायचं?

हौसा बांधावरनं बघत होती. तिला ते कडवळ माहीत होतं आणि त्यात रोज कोण उभं राहायचं तेही माहीत होतं.

मग ऊन डोक्यावर आलं. राजा एकदम वळला आणि निघाला. कडवळातनं बाहेर, बांधावरनं, उतारानं खाली, सरळ तळ्यात. घोट्याएवढं पाणी, गुडघ्याएवढं, कमरेएवढं. मग राजा फतकल मारून खाली बसला. नुसतं डोकं वर. बाजूला चार म्हशी होत्या. त्यांनी त्याला जागा करून दिली.

प्रधान काठावर नाचायला लागला. "महाराज! महाराज, अहो गारठा बाधेल!"

"दसऱ्याचं स्नान आहे," राजा पाण्यातनं म्हणाला. "आमच्या घराण्यात असतं."

"कधीपासनं?"

"आजपासनं. गप्प बस."

उन्हं कलेपर्यंत राजा तळ्यात बसला. मग आपसूक उठला, बाहेर आला आणि दगडावर वाळत बसला. आणि इथंच खरा घोटाळा झाला. कमावलेलं चामडं भिजलं तर भिजतं, वाळलं तर वाळतं. पण कच्चं कातडं भिजून उन्हात वाळलं की आवळतं. असं आवळतं की लाकडाचं चाक बांधून घ्यावं. राजाच्या पायावर जोडे आवळले. तो ओढायला गेला तर निघेनात.

"प्रधान," राजा हळूच म्हणाला, "हे निघत नाहीत."

"राहू द्या महाराज. शिलंगणाची वेळ झालीच आहे. चला."

मग वाजतगाजत मिरवणूक निघाली. पुढं हलगी, मागं निशाण, मधे राजा. सगळं गाव लोटलं होतं. वाट जात होती सरळ शिवेकडं. राजा चार पावलं सरळ गेला आणि डावीकडं वळला. डावीकडं काय होतं? राणू गवळ्याचा गोठा.

हलगीवाले पुढं गेले, राजा डावीकडं गेला. मग हलगीवाले मागं फिरले आणि धावत त्याच्या मागं आले. राजा गोठ्यात शिरला. म्हशींच्या रांगेत एक खुंटा रिकामा होता. त्या खुंट्याशी जाऊन उभा राहिला आणि एक पाय जरा मागं घेतला.

राणू गवळी आत दूध काढत होता. त्यानं वर न बघताच हात मागं केला, राजाच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "थिर, चंद्रे. आलो."

मग त्याच्या ध्यानात आलं, की चंद्री तर मेली. त्यानं वर बघितलं. वर राजा.

चरवी पडली, दूध सांडलं. राणू पायांवर लोळण घ्यायला लागला. "सरकार, मी न्हाई बघितलं! पर चंद्री अशीच उभी ऱ्हायची. ह्याच खुंट्याशी. अशीच पाय मागं घेऊन."

प्रधानानं ऐकलं मात्र. त्याला कारण सापडलं. "याच्या म्हशीचं भूत महाराजांना लागलंय!"

मग उपाय सुरू झाले. आधी राजाच्या पायावर शेरभर तेल ओतलं. जोडे चमकले, निघाले नाहीत. मग एकानं सुरी लावली. जोड्याबरोबर कातडी निघायला लागली, राजा ओरडला, सुरी ठेवून दिली. मग कुणीतरी मांत्रिक आणला. त्यानं जोड्यांवर केरसुणी मारली. दहा मारल्या, त्यातल्या सहा राजाच्या नडगीवर बसल्या. राजानं त्याला हाकलून दिलं.

सूर्य खाली चालला. शीव तशीच राहिली. बायाबापड्या कुजबुजायला लागल्या. शिलंगण नाही झालं, आता कसं व्हायचं?

प्रधान म्हणाला, "राणू, तुझ्या सगळ्या म्हशी आत्ताच्या आत्ता राज्याबाहेर. तूही त्यांच्याबरोबर. भूत तुझ्या गोठ्यातलं आहे."

राणू म्हशींकडं बघायला लागला, एकीकडनं दुसरीकडं.

हौसा दारात उभी होती. मागं फिरली असती तर कुणाला कळलं नसतं. जोडे वेळेवर दिले होते, कुंडं वाचली होती. एक राणू गेला असता. पण ती पुढं आली. पदर खोचला आणि म्हणाली, "भूतबित काय न्हाई. कातडं कच्चं हाय. मी कच्चं दिलंय."

सगळे पुढं सरकले. हलगीवालासुद्धा.

"रेघ दिसली हुती मला. काळं फासून झाकली. म्हशीला अजून विसर पडला न्हाई, म्हणून ती सरकारांस्नी फिरवतीया. राणूदाचा त्यात काय दोष न्हाई."

प्रधान ओरडला, "माती आणा! उद्या नको, आत्ता! कुंडं भरा!"

पण राजा म्हणाला, "थांब जरा." पाय दुखत होते त्याचे. "हौसा, हे निघतील कसे ते सांग."

"आबास्नी विचारावं लागंल, सरकार."

हौसा घरी आली. कोंडिबा खाटेवर बसला होता. तिनं सगळं सांगितलं, कडवळापासनं केरसुणीपर्यंत. मग म्हणाली, "आबा, मी तुमच्याशी खोटं बोलले."

"ते त्याच दिशी कळलं," कोंडिबा म्हणाला. "उन्हानं कातडं कमावतं, असं माझी लेक म्हणंल व्हय?"

"मग बोलला का न्हाईत?"

कोंडिबा उगाच खाटेची दोरी चाचपत बसला. मग म्हणाला, "कुंडं माझीबी हुती."

मग कोंडिबानंच विचारलं, "किती दिस कमी पडलं?"

"वीस."

"मग वीस दिस. कातडं कुंडात आलं पायजे. त्यात राजा हाय तर राजाबी आला पायजे. दुसरं काय?"

आणि तसंच झालं, बरं का. राजाला पालखीत घातला. जोडे जमिनीला लागू दिले नाहीत, चौघांनी पाय वर धरले. ओढ्यावर आणला. शेवटच्या कुंडावर फळी टाकली, फळीवर गादी टाकली, राजाला बसवला, आणि पाय सोडले सालीच्या पाण्यात.

पहिले सात दिवस फार वाईट गेले. सकाळ झाली की जोडे कडवळाकडं ओढायचे. दुपार झाली की तळ्याकडं. संध्याकाळ झाली की गोठ्याकडं. कोंडिबानं राजाच्या कमरेला वादी बांधली आणि बाभळीला अडकवली. राजा शिव्या द्यायचा. कोंडिबाला ऐकू येत होतं, पण तो म्हणायचा, म्हैस हंबरतीया, बोलू दे.

आणि वास! पहिल्या दिवशी राजा नाक दाबून बसला. दुसऱ्या दिवशी हात दुखायला लागला म्हणून नाक सोडलं. तिसऱ्या दिवशी त्याच वासात बसून भाकरी खाल्ली.

दुसऱ्या आठवड्यात ओढ कमी झाली. राजाला काम नव्हतं. मग तो बघायला लागला. हौसा साल कुटते कशी, पिशवी उलटी टांगते कशी, एका थेंबासाठी भांडं सरकवते कशी. लोक तंटे घेऊन ओढ्याच्या पलीकडल्या काठावर यायचे आणि तिथनं ओरडून सांगायचे. राजा इकडनं ओरडून निकाल द्यायचा. जायचं कुठंच नव्हतं, म्हणून सगळं शेवटपर्यंत ऐकायचा. निकाल पूर्वीपेक्षा बरे लागायला लागले. राणू सकाळी दूध घेऊन यायचा आणि हळूच जोड्यांकडं बघून जायचा.

तिसऱ्या आठवड्यात जोडे शांत झाले. आणि मग आला विसावा दिवस.

सगळं गाव जमलं. हलगी आली, निशाण आलं. जोशी म्हणाला, आजचा मुहूर्त चांगला, शिलंगण आज उरकून घ्या. प्रधान तर नवी पगडी घालून आला होता. हौसानं रापी घेतली. राजाचा पाय फळीवर घेतला, जोड्याच्या कडेला बारीक चीर दिली, आणि आत बघितलं.

पांढरी रेघ. केसाएवढी.

तिनं बापाचा हात धरून त्याला आणलं. कोंडिबा गुडघे टेकून बसला आणि राजाच्या जोड्याला जीभ लावली. लोकांनी डोळे मिटले. कोंडिबानं जीभ टाळ्याला लावून बघितली.

"गुळचट लागतंय. वाईच, पर हाय."

प्रधान म्हणाला, "केसाएवढं ना? मग झालं. काढा पाय बाहेर."

हौसा म्हणाली, "न्हाई."

"काय नाही?"

"झालं न्हाई. मी देनार न्हाई."

"हौसा, मुहूर्त टळतोय. सगळं गाव ताटकळलंय. वीस दिवस म्हणालात, वीस झाले!"

"म्या म्हनलं हुतं. कातडं न्हवतं म्हनलं. मागं तुमचं ऐकलं आन् आबाशी खोटं बोलले. आता न्हाई."

प्रधान लाल झाला. मागं वळून ओरडला, "टोपल्या आणा रे! माती टाका! हे कुंडच बुजवून टाका, म्हणजे कटकट गेली!"

माणसं टोपल्या घेऊन पुढं आली. हौसा कुंडाच्या तोंडाशी उभी राहिली. जागची हलली नाही.

मग राजा बोलला. "प्रधान."

"जी महाराज."

"यात माझे पाय आहेत. माती कुठं टाकतोस?"

प्रधानानं कुंडाकडं बघितलं. टोपलीवाल्यांनी प्रधानाकडं बघितलं. सगळे तसेच उभे राहिले.

राजानं वाकून ती चीर स्वतः बघितली. वीस दिवस बघून त्याला रेघ ओळखता येत होती. त्यानं विचारलं, "हौसा, एवढ्याशा रेघेत काय असतं?"

"थोडीशी चंद्री, सरकार."

"एवढ्याशानं काय होईल?"

"ते मला ठाव न्हाई. शिवेवर गेल्यावर तिला काय आठवंल, ते तिचं तिला ठाव."

राजानं शिवेकडं बघितलं, लोकांकडं बघितलं. सगळे वाट बघत होते. त्याला जायचं होतं, फार जायचं होतं. मग त्यानं दोन्ही पाय उचलले आणि पुन्हा कुंडात सोडले.

"हलगीवाल्यांना घरी पाठवा," तो म्हणाला. "मी थांबतो."

जन्मात पहिल्यांदा म्हणाला तो हे.

मग किती दिवस लागले? तीन. पहिल्या दिवशी हौसानं ताजी साल घातली. दुसऱ्या दिवशी कोंडिबानं जीभ लावली आणि मान हलवली, अजून नाही. तिसऱ्या दिवशी हौसानं चीर बघितली, उन्हाकडं धरून बघितली, पुन्हा बघितली. सगळं तांबूस. कोंडिबानं जीभ लावली आणि तोंड असं वाकडं केलं, की सगळ्यांना कळलं, आतपर्यंत तुरट आहे.

जोडे पायातनं निघाले ते असे, जसा पिकला आंबा देठातनं निघतो. राजाचे पाय घोट्यापर्यंत तांबूस झाले होते. राणूनं जोडे हातात घेतले, एकदा कुरवाळले, आणि परत दिले. म्हणाला, "गेली."

हौसानं टाके नीट केले, तेलाचा हात दिला. राजानं जोडे घातले आणि चालत निघाला. सरळ. कडवळ डाव्या हाताला राहिलं, तळं मागं राहिलं, गोठा मागं राहिला. राजानं शीव ओलांडली. दसरा उलटून तेवीस दिवस झाले होते, पण लोकांनी सोनं लुटलंच. काही वाईट झालं नाही. पीकसुद्धा बरं आलं.

मग राजानं हौसाला विचारलं, "काय देऊ?"

हौसा म्हणाली, "पुढल्या साली जोडं पायजे असतील तर आखाडात सांगा. आन् किती दिस लागतील ते आमी सांगू."

कोंडिबा मागनं ओरडला, "आन् त्या परधानाला म्हनावं, नाक दाब न्हाईतर नको दाबू, पर आधी बस आन् मग बोल!"

राजा हसला आणि बरं म्हणाला. मग कुंडांवर माती टाकायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. राणीनं मात्र राजाला पंधरा दिवस बाहेरच्या खोलीत निजवलं, वास जाईपर्यंत. तिचंही काही चूक नव्हतं.

मग राजा सुखानं राहिला, हौसा आणि कोंडिबा सुखानं राहिले, राणूच्या म्हशी सुखानं राहिल्या. प्रधानही सुखातच राहिला, त्याला काय धाड भरलीय.

झालं, एवढीच होती. आता डोळे मिटा. झोपही आपल्या चालीनं येते, तिला ओढू नका. पडून राहा गप्प.